आमच्या बुढ्यानं पाडलेलं विमान

आमच्या घरी एक विमान आहे. दिसत नाही, पण आहे. एकाहत्तरच्या लढाईत आमच्या ह्याईनं, म्हणजे माझ्या मालकानं, ते पंजाबात पाडलं अन् तवापासून ते एकोडी गावात आमच्याच घरी राहून राहिलं. माझ्या लग्नात होतं, पोराच्या बारशात होतं, पोळ्याले होतं, मयतीच्या जेवणालेही होतं. पाव्हण्यानं चायचा कप हाती घेतला का विमान आलंच समजा. झाडाच्या शेंड्यावरून आलं, पायलटची मिशी दिसली इतकं खालून आलं, मग ह्याईनं नेम धरला अन् खेळ खतम. बावन वर्षं झाली मले हे ऐकून. खरं सांगू का, पहिली धा-बारा वर्षं त्या पायलटले मिशी नव्हती. ते मागून फुटली.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण तुमाले समजलं पाहिजे म्हणून एकडाव घेते. यादोराव. आता पुन्हा मागू नका. मी पुष्पाबाई, माहेर सानगडीचं. माझा बाप सोमाजी, त्याच्याकडे तवा माझ्यासाठी दोन स्थळं आली होती. एक भंडाऱ्याचं, पितळेच्या भांड्याचं दुकान, बाजारात, चांगलं दोन दाराचं. दुसरे हे. दोन एकर धान, मिलिटरीतली नोकरी अन् एक विमान. माझी माय म्हणे, दुकान पाहा. बाप म्हणाला, "पितळ तं कोणीही विकते. विमान कोण पाडते?" अन् दिली मले. त्या दुकानवाल्याची बायको मले मागच्या साली भंडाऱ्याले दिसली, पाटल्याईनं हात भरला होता. मी काही बोलत नाही. नशिबाच्या गोष्टी आहेत.

आता तुमी म्हणाल, बाई, नवऱ्याची खोड काढून राहिली. काढून राहिली ना. पण लोकाईसमोर मी कधी शब्द पडू दिला नाही. हे सांगत तवा मी पदर सावरून असं तोंड करून बसत होती का जशी तोफेत गोळा मीच भरला. कारण मलेही खरंच वाटत होतं. मिशी लावली असंन पदरची, पण विमान तं खरं, असं मी धरून चालली होती.

औंदा मे महिन्यात ते चार दिवसांची लढाई झाली ना पाकिस्तानसंग, तवा आमच्या बुढ्याचे दिवस आले. टीव्हीवाले गळा फाडून राहिले होते, हवाई संरक्षण, हवाई संरक्षण. हे टीव्हीपासून हातभर अंतरावर खाट टाकून बसले. सून रीता म्हणे, मामाजी, डोळे जातीन. हे आयकतात कुठं. एक दिवस टीव्हीवर सांगितलं का ड्रोन पाडाले जुन्या एल-सत्तर तोफाही कामी आल्या. हे खाटेवरून असे उठले का मले वाटलं विंचू चावला.

"माझी तोफ," म्हणे. "पुष्पे, अजून जित्ती आहे ते."

त्या आवाजात माझी तब्येत त्याईनं कधी पुसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सपरीत, दारापुढच्या ओसरीत, शाळाच भरली. बाया, बुढे, पोट्टे, सारे येत. अन् हे सांगत. खोटं कायले बोलू, चांगलं सांगत. म्हणे, पासष्टाच्या लढाईत एल-साठ तोफ होती, ते हातानं फिरवावी लागे. चक्का फिरवता फिरवता दंड सुजत अन् तवर विमान लाहोरले जाऊन जेवून वापस येई. एकाहत्तरात एल-सत्तर आली, तिले मोटर. मग राडार आलं, ढगाच्या पलीकडचं पाहाले. आता तं काय, मिसाइल सोडलं का ते आपलं आपण वास काढत जाते. अन् एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणे, विमानावर कधी गोळी मारत नाहीत. विमानाच्या पुढं मारतात. ते आता साकोलीवर आहे म्हणून साकोलीवर मारलं, तं गोळा पोचेपर्यंत ते लाखनीले गेलं.

पोट्ट्याईचे तोंड उघडे ते उघडेच. माझं चायचं पातेलं दिवसभर चुलीवरून उतरत नव्हतं.

मग जुलै लागला, रोवणं सुरू झालं, लोकं धानात गुंतले अन् मले वाटलं, चला, विमान गेलं. कुठचं जाते. एक दिवस सकाळी गोदावरीबाई आली. गोदावरीबाई म्हणजे आमच्या गावची सरपंच, माझ्याहून वीस वर्षांनी लहान पण आवाजानं माझ्याहून मोठी. आली तं बसली नाही, उभ्यानंच सांगितलं.

"काका, पंधरा ऑगस्टले शाळेत तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ. अन् शाळेच्या भिंतीवर फलक. शत्रूचं विमान पाडणारे आमच्या गावचे वीर यादोराव. पेंटरले सांगून आली मी."

हे इतके खूश झाले का दाढी खाजवाले लागले. मग ती म्हणाली, "अन् पाहुणे कोण, सांगा."

"कोण?"

"भंडाऱ्याचे भय्याजी सुभेदार. तुमच्याच पलटणीतले म्हणे. एकाहत्तरात एकाच जागी होते तुमी. त्याईच्या सुनेशी बोलली मी फोनवर. ते म्हणाली, घेऊन येतो."

ह्याईनं चायचा कप तोंडाशी नेला होता. तसाच खाली ठेवला. गोदावरीबाई गेली, चाय थंड झाली, त्याच्यावर साय आली, हे बसून होते.

त्या दिवसापासून बुढ्याचं एकेक दुखाले लागलं. आधी गुडघा. मग पोट. मग म्हणे, दाढ ठणकून राहिली, पंधरा तारखेपर्यंत काही थांबत नाही. आता ते दाढ पाच वर्षांआधी काढली, मीच संग गेली होती दवाखान्यात. मग म्हणे, लेकीकडे जाऊन येतो चार दिवस, बरेच दिवस झाले. म्या म्हटलं, लेक तं परवाच येऊन गेली. मग म्हणे, हो का. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच म्हणत नाहीत.

रोवणं झाल्यावर एक दिवस आमी दोघं वावरात गेलो, बांधीत पाणी किती आहे पाहाले. हे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले. म्या म्हटलं, आता इथं कोणी नाही, बगळे आहेत फक्त. आज काढतेच.

"मले एक सांगा. भय्याजी कोण?"

"होता एक."

"होता एक कोण? त्याचं का खाल्लं तुमी, असे दडून राहिले ते?"

ह्याईनं एक ढेकूळ उचलून पाण्यात टाकलं. मग म्हणाले, "विमान."

मले समजलं नाही. म्या म्हटलं, नीट बोला.

"विमान त्याच्या तोफेनं पाडलं, पुष्पे. म्या नाही पाडलं. म्या तोफेले हातही लावला नाही लढाईत."

देवाशप्पथ, मी मटकन धुऱ्यावर बसली. लुगडं सारं चिखलात.

मग त्याईनं सांगितलं. भरती झाले तवा तोफेवरच घेतलं होतं त्याईले. पण तोफेवर राहाचं तं आधी विमान ओळखता आलं पाहिजे, आपलं कोणतं अन् दुश्मनाचं कोणतं. उस्ताद काळ्या सावलीची चित्रं दाखवे, एकेक, अन् नाव पुसे. नावं सारी इंग्रजी. आमच्या बुढ्याले ते नावं काही राहत नव्हते डोक्यात. त्याईनं आपला रस्ता काढला. हे बगळा, हे घार, हे टिटवी, हे लांब चोचीचा ढोक. असे एकदम बराबर ओळखत, म्हणे, सावली पाहून.

"उस्तादनं पुसलं, दुश्मनाचं कोणतं? म्या म्हटलं, टिटवी," हे म्हणाले. "ते आपलं होतं."

"मग?"

"मग का. दुसऱ्या दिवशी तोफेवरून उतरवलं. म्हणे, हा आपलेच पाडन."

मले हसू येत होतं अन् रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी आले तं माणसानं का करावं.

मग म्हणे, लढाई लागाच्या आधी साहेबानं पुसलं, बांबूचं काम कोणाले येते. ह्याईनं हात वर केला. त्याईले वाटलं, मांडव घालाचा असंन. तं विमानतळाच्या बाजूले, खऱ्या तोफांपासून दोन फर्लांगावर, खोट्या तोफा बनवाच्या होत्या. बांबूच्या. वरून तरट, वरून हिरवा रंग. वरून पाहणाऱ्याले वाटलं पाहिजे का तोफा इथंच आहेत.

"म्हणजे बुजगावणं," म्या म्हटलं.

"बुजगावणंच. फक्त इथं पाखरू पळवाले लावतात, तिथं बोलवाले लावलं. म्या साहेबाले सांगितलं, साहेब, एका जागी ठेवलं तं पाखराले दोन दिवसात समजते. तिसऱ्या दिवशी ते त्याच्याच डोक्यावर बसून दाणे खाते. रोज सरकवा लागन. अन् नुसती तोफ ठेवून नाही जमत, तिथं माणसं राहतात असं दिसलं पाहिजे. चूल पाहिजे, धूर पाहिजे, दोरीवर ओल्या बनियानी पाहिजेत. साहेब म्हणाला, शाबास, मग तूच कर."

"अन् लढाई?"

"लढाई तिकडं झाली. म्या इकडं तोफा सरकवल्या, बनियानी वाळू घातल्या, चाय केली. चौदा दिवस."

"म्हणजे माझ्या बापानं मले बुजगावण्याच्या भरवशावर दिलं."

हे धुऱ्यावरचं गवत उपटत राहिले.

"बावन वर्षं," म्या म्हटलं. "बावन वर्षांत एक दिवस नाही सापडला तुमाले?"

"पहिल्यांदा सुट्टीवर आलो तवा बसस्टँडवर कोणीतरी पुसलं, किती पाडले? म्या म्हटलं, एक. म्हटलं, पलटणीनं पाडलं ते आपलंच. मग घरी येईपर्यंत ते माझंच झालं. मग तुझा बाप आला पाहाले. मग कसं सांगू, सांग."

मी तशीच उठली अन् घरी आली. तीन दिवस बोलली नाही. ताट वाढे, ठेवे, जाये. रीता बिचारी एकदा माझ्याकडे पाहे, एकदा त्याईच्याकडे पाहे अन् भाजीत मीठ दोनदा टाके. खरं सांगते, मले खोट्याचा तितका राग नव्हता. खोटं कोण बोलत नाही. मले राग याचा का मी येडीसारखी पदर सावरून बसत होती त्या विमानाच्या बाजूले, अन् ह्याईले सारं माहीत होतं.

चौथ्या दिवशी मीच तोंड उघडलं. कोणाले तरी उघडाच लागते.

म्या म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमी ताप आला म्हणून पडून राहा. मी सांगते गोदावरीले. भय्याजी येतीन, शाल घेतीन, जातीन."

"अन् भिंतीवरचं?"

"भिंतीवरचं राहीन."

"पोट्टे रोज वाचतीन ते," हे म्हणाले. "रोज. मी मेल्यावरही वाचतीन."

"मग खरं सांगा."

"गाव हसन."

"हसन. गाव कोणावर हसत नाही? पण मी एक सांगते, आयकून ठेवा. गाव हसलं तं मी तुमच्याच बाजूले बसन. अन् ज्यानं खरं पाडलं त्याच्या तोंडासमोर तुमी पुन्हा पाडलं, तं या जलमी तुमच्याशी बोलणार नाही. रीताच्या हातून निरोप पाठवत जा."

पंधरा ऑगस्टच्या सकाळपर्यंत मले माहीत नव्हतं, हा माणूस का करणार ते. त्याईलेही माहीत नव्हतं असं मले वाटते.

पंधरा तारखेले शाळेत झेंडा झाला. पोरी नाचल्या. भय्याजी सुभेदार सुनेसंग ऑटोनं आले. लहानसर, वाळकासर बुढा, पांढरे कपडे इस्त्रीचे, छातीवर मेडल अन् दोन्ही कानात मशीन. आयुष्यभर तोफेपाशी राहिले, दोन्ही कान गेले. सुनेनं सांगितलं, मशीन नावालेच आहे, कानाशी तोंड नेऊन बोला लागते. त्याईनं आमच्या ह्याईकडे पाहून रामराम केला, पण ओळख काही दिसली नाही तोंडावर. चौपन वर्षं झाली, कोण ओळखते. स्टेजवर मले त्याईच्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं. मागं भिंतीवर फलक, त्याच्यावर पडदा.

गोदावरीबाईनं भाषण केलं, शाल दिली अन् माईक ह्याईच्या हाती दिला. म्हणाली, "काका, आता तेच सांगा. विमान कसं पाडलं."

हे उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरून राहिली होती. समोर सारं गाव. मले वाटलं, माझाच जीव जाते आता.

"विमान आलं," हे म्हणाले. "झाडाच्या शेंड्यावरून आलं."

मी डोळे मिटले. म्हटलं, गेलं. रीताच्या हातून निरोप आता.

मग नुसता माईक खरखरला. म्या डोळे उघडले. हे माझ्याकडे पाहून राहिले होते.

"विमान म्या नाही पाडलं," हे म्हणाले.

अन् मग सारं सांगितलं. बगळा, टिटवी, बांबू, तरट, बनियानी, चाय. काही ठेवलं नाही. मिशीसुद्धा कबूल केली. अन् शेवटी म्हणाले, "विमान ह्या भय्याजींच्या तोफेनं पाडलं. माझं भाषण संपलं. फलक पुसून टाका."

आधी कोणी हसलं नाही. मग मागून एक पोट्टं खुदकन हसलं. मग दुसरं. मग तं असं हसलं गाव का काही सांगू नका. आमच्या शेजारची जनाबाई, जिनं माझ्या घरची चाय जितकी प्याली तितकं पाणी नाही प्याली, ते पदरात तोंड घालून हलून राहिली होती. कोणी म्हणाले, यादोबा, आमच्या वावरातही एक तोफ लावून द्या, रानडुकरं लय झाली. गोदावरीबाईचं तोंड लाल. हे एका हातात शाल, एका हातात माईक घेऊन उभे, खाली बसाचं का जाचं ते समजत नाही. मले मनातून असं झालं का उठून एकेकाचा समाचार घ्यावा.

तितक्यात भय्याजी मले कोपरानं ढोसून म्हणाले, "बाई, का म्हणाला तो? लोकं काहून हसून राहिले?"

आता याले का सांगू? मी कानाशी तोंड नेलं, हळू सांगितलं. ते म्हणाले, "हं?" जोरात सांगितलं. ते म्हणाले, "हं?" मग मी बेंबीच्या देठापासून ओरडली. ह्याईच्या हातातला माईक चालू, मले माहीत नाही.

"हे म्हणतात, म्या बांबूच्या खोट्या तोफा बनवल्या, अन् त्याच्यापाशी चूल पेटवून चाय केली."

साऱ्या गावात आवाज गेला. पुन्हा हसू फुटलं. पण भय्याजी हसले नाहीत. ते माझ्याकडे असे पाहत राहिले का मले वाटलं, काही चुकीचं बोलली मी.

"धूर हा करत होता?" त्याईनं पुसलं.

म्या मान हलवली.

ते उठले. सून धराले धावली, तं तिचा हात बाजूले सारला. ह्याईच्या हातातल्या माईकपाशी गेले. कान गेलेल्या माणसाले आपला आवाज किती मोठा आहे ते समजत नाही, ते आमच्या शाळेतच नाही, पार तलावाच्या पाळीपर्यंत आयकू गेले असतीन.

"आमी एका तोफेवर सात जण होतो," ते म्हणाले. "पाच दिवस गोळे मारले. आभाळाशिवाय कशाले लागले नाहीत. विमान येई ते उंचावरून येई, जाई. पाचव्या दिवशी दोन विमानं आली अन् आमच्याकडे न येता त्या बांबूवर गेली. आमाले माहीत होतं तिथं बांबू आहे. नऊ बॉम्ब पाडले. मी मोजले. नऊ. माती अशी उडाली का सूर्य दिसेना. आमच्या हवालदारानं हात जोडले. म्हणाला, तिथं एक माणूस होता रे, चूल पाहाले."

आता पोट्टेही पुढं सरकून आयकत होते.

"अर्ध्या घंट्यानं धुरळा बसला. पाहतो तं त्या मातीतून एक जण निघाला. सरपटत. त्यानं आधी बांबू उभे केले, जितके उरले तितके. मग धूर निघाला. आमी म्हटलं, हा कोण बह्याड आहे. नऊ बॉम्ब खाऊन पुन्हा चूल पेटवून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो धूर पाहून एक विमान वापस आलं. आता त्याले वाटलं असंन, इथं काही उरलं आहे, पुरं करून टाकू. खाली आलं. पहिल्यांदा इतकं खाली आलं. आमी बाजूनं मारलं."

मग आमच्या ह्याईकडे वळले अन् बोट दाखवलं.

"पाडलं आमी. पण बोलावलं ह्यानं. आमी सातही जण घरी आलो. मी नाव पुसलं होतं तुझं, कोणालेच माहीत नव्हतं. सारे म्हणत, तो चूलवाला."

अन् त्या वाळक्या बुढ्यानं टाच जुळवून आमच्या ह्याईले सलाम ठोकला.

ह्याईच्या हातात माईक तसाच होता, त्याच्यातच हे म्हणाले, "चाय सांडली होती, भय्याजी. म्हणून पुन्हा चूल पेटवली."

गाव पुन्हा हसलं. पण हे हसणं वेगळं होतं, जनाबाई तं रडतही होती. गोदावरीबाईनं पडद्याची दोरी धरली अन् विचारलं, काका, आता फलकाचं का करू. हे म्हणाले, पाडणारे खोडा. भय्याजीच्या सुनेनं त्याईच्या कानात सांगितलं, तं ते म्हणाले, पाडणारे खोडा अन् बोलावणारे लिहा. पेंटर समोरच बसून होता, तो म्हणाला, जागा पुरत नाही. त्याच्यावर मग अर्धा घंटा वाद झाला.

मी मात्र खुर्चीवर तशीच. मले काही आयकू येत नव्हतं. नऊ बॉम्ब. मले धुऱ्यावर बसून त्याईनं सारं सांगितलं, बगळा सांगितला, बनियान सांगितली, अन् हे नाही सांगितलं. मले इतका राग आला, इतका राग आला का डोळ्यातून पाणी आलं.

हे बाजूच्या खुर्चीवर येऊन बसले. म्या तोंड न फिरवता म्हटलं, "हे काहून नाही सांगितलं?"

"कोणतं?"

"कोणतं का कोणतं. मातीत गाडले गेले ते. खोटं विमान बावन वर्षं सांगता येते, अन् हे खरं सांगता नाही आलं?"

ह्याईनं शालीची घडी करून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे न पाहता, हळूच, फक्त मलेच आयकू येईन असं म्हणाले, "विमान पाडलं म्हटलं का मले काही होत नाही, पुष्पे. ते सांगाले गेलो का हात कापतात."

म्या खाली पाहिलं. कापूनच राहिले होते. आमच्याकडे बायका चारचौघात नवऱ्याले हात लावत नाहीत, अन् समोर तं सारं गाव बसलं होतं, माझी सून, माझे नातलग, पेंटर, गोदावरीबाई. म्या त्याईचा हात आपल्या दोन्ही हातात घेतला अन् पंगतीले बोलवेपर्यंत सोडला नाही.